माहाचा काळा कागद

साबण गोल आहे, तळहातात मावेल एवढा. पण साबण दिसायच्या आधी दिसतो तो कागद. काळा, पातळ, पतंगाच्या कागदासारखा करकरणारा. साडीच्या निऱ्या बोटांत धरून एकावर एक बसवाव्यात तशा त्याला चुण्या घातल्या आहेत, आणि सगळ्या चुण्या मध्यभागी येऊन एका गोल चित्राखाली दडल्या आहेत. चित्रात एक नर्तकी: केसांत उंच फणी, हातात पंखा, कमरेत किंचित वळलेली. हे चित्र नखाने सोडवल्याशिवाय साबण हाती लागत नाही, आणि सोडवताना ते फाटू नये म्हणून आपण नकळत सावकाश होतो. माझी पाच मिनिटं त्यात गेली. साबणाचं वेष्टन आपण एरवी दाताने फाडतो.

साबणाचं नाव रोमन लिपीत पाहिलं तर मराठी माणूस ते हमखास ‘मजा’ असं वाचेल. स्पॅनिशमध्ये त्यातल्या ‘ज’चा उच्चार घशातून येणाऱ्या ‘ह’सारखा होतो, म्हणून ते ‘माहा’. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रीदच्या कष्टकरी वस्त्यांत नटूनथटून, झोकात वावरणाऱ्या पुरुषांना ‘माहो’ आणि बायकांना ‘माहा’ म्हणत. भडक कपडे, जाळीदार ओढणी, तिखट जीभ, कुणाला भीक न घालणारा तोरा. पुढे सरदारघराण्यातल्या बायकांनाही त्या वेशाची भूल पडली. चित्रकार गोयाने रंगवलेल्या दोन ‘माहा’ मद्रीदच्या प्रादो संग्रहालयात आहेत, एक कपड्यांत आणि एक विनाकपड्यांची, म्हणून हा शब्द जगाला ठाऊक आहे.

आता प्रश्न असा, की अठराव्या शतकातली मद्रीदची ठसकेबाज बाई विसाव्या शतकात बार्सिलोनाच्या साबणावर येऊन बसली कशी?

शिल्पकाराने काढलेला कारखाना

१९१६ साली बार्सिलोनात ‘मिरूर्हिया’ नावाची सुगंधी द्रव्यांची कंपनी सुरू झाली. ती काढणारा एस्तेवे मोनेगाल हा मुळात शिल्पकार. रसायनशास्त्रज्ञ नव्हे, अत्तरवाला नव्हे, शिल्पकार. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं बरंच काही आपोआप कळत जातं. पॅरिसमध्ये सुगंधाचा धंदा करणारे लोक बाटली घडवायला कलाकार बोलावत होते. इथे मालकच कलाकार होता. बाटलीचा आकार, लेबल, खोकं, जाहिरात आणि दुकानातली मांडणी या सगळ्याला एकच हात लागावा हा त्याचा आग्रह.

वर्षही पाहण्यासारखं आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि स्पेन तटस्थ होता. फ्रान्स खंदकांत अडकलेला, तिथून येणारा माल रोडावलेला, आणि स्पेनच्या हातात मात्र युद्धात विकलेल्या मालाचा पैसा खुळखुळत होता. एरवी स्पॅनिश गिऱ्हाईक पॅरिसचं नाव असल्याशिवाय बाटलीला हात लावत नसे. ती मोकळी जागा स्थानिक कारखानदारांनी भरली.

पण पॅरिसची नक्कल करून भागणार नव्हतं. फ्रेंच नाव, फ्रेंच फुलं, फ्रेंच रिबीन लावायची तर युद्ध संपताच खरा फ्रेंच माल परत येऊन तुम्हाला हुसकून लावणार. म्हणून मोनेगालने उलटी चाल खेळली. जे पॅरिसकडे नाही ते विकायचं, म्हणजे स्पेनच विकायचा. पंखा, फणी, झालरीची शाल, लाल कार्नेशन, काळी जाळी. १९१८च्या सुमारास ‘माहा’ बाजारात आली ती या विचारातून.

चित्र काढलं एदुआर्द झनेर या चित्रकाराने. मिरूर्हियाची पुढची कित्येक वर्षांची लेबलं, खोकी आणि जाहिराती त्याच्या हातच्या. नर्तकीसाठी समोर होती तोर्तोला बालेन्सिया, त्या काळी युरोपभर गाजलेली नर्तकी. झनेरची खुबी मला वाटते ती अशी, की त्याने बाई रंगवली नाही, तिची ठेवण रंगवली. सपाट रंग, ठाम कडा, सावली जवळजवळ नाहीच. घागऱ्याचा घेर, वळलेली कंबर आणि उघडलेला पंखा या तीन वळणांत चित्र संपतं. तुकड्याएवढ्या लेबलावर, चार पावलांवरून, अंधाऱ्या दुकानात, अक्षर न वाचता ओळखू यावं यासाठी हेच लागतं. बारकावे भरले असते तर छपाईत त्यांचा चिखल झाला असता.

छपाईचं थोडं सांगायला हवं. तेव्हाची रंगीत लेबलं बहुतेक दगडी छापाची. रविवर्मा छापखान्याच्या देवादिकांच्या तसबिरी ज्या पद्धतीने निघत तीच ही पद्धत: चित्रातला एकेक रंग वेगळा काढायचा, प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड, आणि कागद त्या सगळ्यांवर एकामागून एक दाबला जाणार. मध्ये कागद केसभर सरकला तरी नाकाचा रंग गालावर. सोनेरी हवा असेल तर त्याची आणखी एक फेरी, आणि अक्षरं उठून दिसायला हवी असतील तर शेवटी पोलादी ठशाखाली दाब. जुन्या लेबलावर डोळे मिटून बोट फिरवलं तर नक्षी बोटाला लागते, ती या दाबामुळे. भिंगाखाली धरलं तर रंगाचे विस्कळित, हाताने दिल्यासारखे ठिपके दिसतात. आजच्या छपाईतले ठिपके शाळेतल्या कवायतीसारखे रांगेत उभे असतात.

लवंग, खिळा आणि केसांतलं फूल

आता नाकाकडे येऊ. ‘माहा’ नुसता साबण नाही, सेंटही आहे. सेंटचा वास एकसंध नसतो, तो टप्प्याटप्प्याने उलगडतो, कारण त्यातली द्रव्यं वेगवेगळ्या वेगाने उडतात. लिंबू-संत्र्याच्या जातीची द्रव्यं सगळ्यांत हलकी, काही मिनिटांत गायब. मग फुलं आणि मसाले, तास-दोन तास. शेवटी लाकडं, डिंक, कस्तुरी, जी दुसऱ्या दिवशीही रुमालाला चिकटून असतात.

‘माहा’त मधला टप्पा खास आहे: कार्नेशन. या फुलाचा वास थेट लवंगेची आठवण देतो, आणि तो भास नाही. लवंगेला लवंगपण देणारं युजेनॉल हे द्रव्य कार्नेशनच्या वासातही असतं. स्पॅनिश भाषेने हे रसायनशास्त्राच्या आधीच ओळखलं होतं. स्पॅनिशमध्ये ‘क्लावो’ म्हणजे खिळा, आणि लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून तीही ‘क्लावो’. आणि त्या वासाचं फूल? ‘क्लावेल’. खिळा, लवंग, फूल, तिन्ही एका कुळातली.

कार्नेशन हे स्पेनचं लाडकं फूल. नर्तकीच्या केसांत, जत्रेतल्या बाईच्या कानामागे तेच खोवलेलं असतं. म्हणजे खोक्यावरची बाई पाहून डोळ्यांना जे फूल आठवतं, तेच बूच काढल्यावर नाकाला भेटतं. मागोमाग जिरेनियम, पॅचुली, वाळा येतात आणि वास काळ्या मखमलीसारखा दाट होत जातो. काळा कागद उगाच निवडलेला नाही. हाच सेंट गुलाबी खोक्यात घालून दिला असता तर नाकाने वेगळाच निकाल दिला असता, याची मला खात्री आहे. वास आठवायला आपल्याकडे शब्द फार थोडे असतात. आपण रंग उसने घेतो, चित्रं उसनी घेतो. मोनेगाल आणि झनेर यांनी ती उसनवारी आधीच भरून दिली.

कुणाचा स्पेन?

इथे एक गंमत आहे, आणि थोडी गोचीही. मिरूर्हिया बार्सिलोनाची, म्हणजे कॅटलान मुलखातली. तिथली भाषा वेगळी, सण वेगळे, नाच वेगळा. फणी-पंखा-झालर हा वेश ओळखला जातो तो दक्षिणेचा, अंदालुसियाचा. ‘सेव्हियाची भुरळ’, ‘ग्रॅनडाचा उसासा’ अशा अर्थाच्या नावांची मिरूर्हियाची अत्तरं निघाली. या दुसऱ्या नावामागे १४९२ची दंतकथा आहे: ग्रॅनडा हातचं गेल्यावर शेवटच्या मुस्लीम राजाने ज्या खिंडीतून मागे वळून पाहिलं आणि उसासा टाकला, ती खिंड आजही त्या उसाशाच्या नावाने ओळखली जाते. बार्सिलोनाच्या कारखानदाराने दक्षिणेचा उसासा बाटलीत भरून विकला.

शिवाय हे दक्षिणेचं चित्रही निखळ दक्षिणेचं नव्हतं. केसांत फूल, ओठांवर धमकी अशी स्पॅनिश बाई जगभर पसरवली ती फ्रेंचांनी. ‘कार्मेन’ ही कथा १८४५ साली मेरिमेने फ्रेंचमध्ये लिहिली, तिच्यावरची बिझेची संगीतिका १८७५ साली पॅरिसमध्ये झाली. म्हणजे फ्रेंचांनी रंगवलेला स्पेन स्पॅनिश कंपनीने उचलला, त्याला झनेरच्या कुंचल्याने घासूनपुसून नेटका केला, आणि फ्रेंच मालाच्या विरोधात उभा केला. धंद्याची ही चतुराई मला आवडते. पण अंदालुसियातल्या शेतमजूर बाईने हे खोकं पाहून काय म्हटलं असतं, हा प्रश्नही मनात येतो.

खुद्द तोर्तोला बालेन्सिया जन्माने सेव्हियाची, पण वाढली लंडनमध्ये, आणि नाव कमावलं ते ‘पौर्वात्य’ नाच करून. त्यात एक ‘बायादेरा’चा नाच होता. बायादेरा म्हणजे युरोपीय कल्पनेतली भारतीय देवदासी. आपल्या देवळांचा आणि त्या नाचाचा संबंध तसा यथातथाच. ‘अस्सल स्पॅनिश’ चेहऱ्याची ही नर्तकी रंगमंचावर भारतीयही होत होती, हे कळल्यावर त्या गोल चित्राकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आणि ती झालरीची शाल? तिला स्पेनमध्ये ‘मनिलाची शाल’ म्हणतात, पण ती मनिलाचीही नाही. चीनमधल्या कँटनचं रेशमी भरतकाम फिलिपिन्समधल्या मनिला बंदरातून स्पॅनिश जहाजांवर चढे, म्हणून ते नाव. त्याच कँटनच्या भरतकामाची दुसरी शाखा मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांबरोबर चीनहून आपल्याकडे आली आणि तिचा झाला पारशी गारा. मुंबईच्या लग्नात गारा नेसलेली एखादी माय आणि सेव्हियाच्या जत्रेतली शालवाली, दोघींच्या अंगावरची फुलंपाखरं एकाच गावच्या कारागिरांच्या वंशातली.

मद्रीदचा गाल

मद्रीदमध्ये याच धंद्यात दुसरं मोठं नाव होतं, ‘गाल’. होय, साबणाच्या कंपनीचं नाव गाल. संस्थापक साल्वादोर एचेआंदिया याच्या आईकडचं हे आडनाव. स्पॅनिश माणूस वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतो. सुरुवात झाली एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी, केस गळू नयेत म्हणून लावायच्या औषधी पाण्याने. पण कंपनी घराघरांत गेली ती १९०५च्या ‘एनो दे प्राबिया’ या साबणाने. ‘एनो’ म्हणजे वाळलेलं गवत, आणि प्राबिया हे उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासचं गाव. एचेआंदिया तिथून जात असताना नुकत्याच कापलेल्या गवताचा वास आला आणि साबण सुचला, अशी कंपनीची आवडती कथा.

कथा खरी असो वा रचलेली, वास मात्र खरा पकडला आहे. गवत कापून वाळत टाकलं की त्यात कूमरिन नावाचं द्रव्य मोकळं होतं, गोडसर, बदामाकडे झुकणारं. दिवाळीनंतर माळावर गवत कापतात तेव्हा बांधावर उभं राहून नाक वर केलंत तर येतो तो वास ओळखीचाच. १८६८ साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं, आणि मग गवताचा वास भट्टीतून निघू लागला. हिरवी वडी, पिवळा कागद. आत गवत, बाहेर ऊन. ‘माहा’च्या रात्रीसमोर हा भरदुपारचा साबण.

गालचं खरं योगदान मात्र भिंतीवरचं आहे. १९१६ साली कंपनीने जाहिरातचित्रांची स्पर्धा भरवली. अशा स्पर्धेची वाट आधीच पडली होती. बार्सिलोनाशेजारच्या बादालोनाच्या एका बडीशेपी दारूवाल्याने १८९८ साली स्पर्धा घेतली होती आणि रामोन कासास या नामांकित चित्रकाराने ती जिंकली होती. गालची स्पर्धा जिंकणारा फेदेरिको रिबास मूळचा वायव्य स्पेनमधल्या बिगो गावचा. ब्वेनोस आयरेस आणि पॅरिस पाहून आलेला, युद्धामुळे मायदेशी परतलेला. पुढे १९३६च्या यादवी युद्धापर्यंत गालच्या जाहिरातींची सूत्रं त्याच्याकडे होती. त्याच्या बायका झनेरच्या माहासारख्या नाचत नाहीत. केस कापलेल्या, हातात पुस्तक किंवा टेनिसची रॅकेट घेतलेल्या, गाडीतून डोकावणाऱ्या, आरशात पाहताना किंचित कंटाळलेल्या. एक कंपनी जुना स्पेन विकत होती, दुसरी नवा. साबण दोघींचाही गोड वासाचा.

अत्तराची कुपी आणि सेंटची बाटली

आपलं पारंपरिक अत्तर चंदनतेलावर उतरवलेलं असतं. तेल हळू उडतं, म्हणून साध्या कुपीत, कापसाच्या फायावरही ते दिवसचे दिवस टिकतं. युरोपीय सेंट अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो, आणि अल्कोहोल उघडं राहिलं की हवेत पसार. त्यामुळे तिथे बाटलीच्या मानेशी लढाई सुरू होते.

जुन्या भारी बाटलीचं काचेचं बूच हातात घ्या. वर कोरीव, चकचकीत. पण मानेत जाणारा भाग दुधी, खरखरीत. तो घाणेरडा झालेला नसतो, मुद्दाम तसा केलेला असतो. कुरुंदासारख्या कठीण दगडाची भुकटी आणि पाणी लावून बूच त्याच बाटलीच्या मानेत फिरवत फिरवत घासायचं, दोघांचे खवले एकमेकांत बसेपर्यंत. अशी जोडी एकदा जमली की तिला दुसरा जोडीदार चालत नाही. म्हणून कारागीर बुचावर आणि बाटलीच्या बुडाशी एकच बारीक आकडा कोरून ठेवत. जुन्या बाजारात हे आकडे जुळत नसतील तर समजायचं, बूच भलत्याच घरचं आहे, आणि ते गळणार.

एवढं करूनही समाधान नाही. बुचावरून जनावराच्या आतड्याचं पातळ पारदर्शक पापुद्र्यासारखं कातडं ओलं असताना ताणून बसवायचं, मानेभोवती रेशमी दोरा गुंडाळून गाठ मारायची. वाळलं की ते आवळून घट्ट होतं, तबल्याच्या पुडीसारखं. मग दोऱ्याची टोकं छोट्या चकतीखाली किंवा लाखेच्या ठिपक्याखाली दाबायची. गिऱ्हाइकाला हे दागिन्यासारखं दिसे, पण मुळात ते झाकणाचं झाकण. खोक्याचंही तसंच. उजेड लागला की सेंट नासतो, पारदर्शक काच तर उजेडाला आमंत्रणच. म्हणून आत बाटलीच्या मापाचा साटिनचा खळगा आणि बाहेर जाड पुठ्ठा. या जुन्या खोक्यांतली नक्षी बघताना मी नेहमी हे पाहतो, की तिच्याखाली कुठलं काम लपलं आहे.

मिरूर्हियाच्या ‘मादेरास दे ओरिएन्ते’चं उदाहरण घ्या. नावाचा अर्थ ‘पूर्वेची लाकडं’. इथे चित्रावर भागवलेलं नाही. बाटलीच्या आतच, सेंटमध्ये, लाकडाच्या बारीक काड्या सोडलेल्या आहेत. वासाला त्यांचा कितीसा उपयोग होत असेल, याची मला शंकाच आहे. पण बाटली उजेडात धरली की सोनेरी पाण्यात तरंगणारी ती काडी पाहून नाक आधीच लाकूड हुंगायला तयार होतं.

काम करणारी जागाही अशीच घडवली होती. बार्सिलोनात एशाम्प्ले भागात मायोर्का रस्त्यावर अंतोनी पुच इ गैराल्त या वास्तुरचनाकाराने मिरूर्हियाचा कारखाना बांधला, साधारण १९२८ ते १९३०. लांबच लांब आडव्या खिडक्या, विटांच्या सरळ भिंती, बाहेरून कसलंही लाडीगोडीचं काम नाही. सगळी शोभा आतल्या दालनात आणि जिन्यात. शहरातली उत्तम इमारत म्हणून नगरपालिकेचं पारितोषिकही तिला मिळालं. बाटल्यांवर पंखे-फण्या आणि कारखाना मात्र काटेकोर आधुनिक, हा विरोधाभास मालकाला खटकला नसावा.

झुडपाचा चीक

बाटल्यांच्या नादात स्पेनच्या मातीचं राहूनच जाईल. नैऋत्य स्पेनच्या डोंगरउतारांवर वसंतात ‘हारा’ नावाचं झुडूप फुलतं. पांढरी फुलं, आणि पानं-फांद्यांवर बोटांना चिकटणारा चीक. फांद्या कापून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळतात. चीक पाण्यात उतरतो. मग त्यात आम्ल टाकलं की तपकिरी, मेणासारखा गोळा वेगळा होतो. हा लॅब्डनम. ऊद, चामडं आणि मध यांच्या मधला कुठला तरी वास. आज जगातला बराचसा लॅब्डनम अंदालुसियातूनच येतो, आणि ‘अंबर’ म्हणून जो उबदार वास विकला जातो त्याचा पाया बहुधा तोच असतो.

चामड्याचंही तसंच. सुगंधी स्पॅनिश चामड्याचे हातमोजे काही शतकांपूर्वी युरोपच्या दरबारांत मिरवत. कमावलेल्या कातड्याची दुर्गंधी मारायला ते संत्र्याच्या फुलांत, गुलाबात, चंदनात, लवंग-दालचिनीत मुरवायचं आणि शेवटी जवादी व कस्तुरी चोळायची. पुढे त्याच वासाचे सेंट पॅरिस-लंडनमध्ये ‘स्पॅनिश कातडं’ या नावाने निघाले. बार्सिलोनाच्या ‘दाना’ कंपनीने १९३२ साली झां कार्ल या फ्रेंच गंध्याकडून करवून घेतलेला ‘ताबू’ याच दाट, गडद परंपरेतला. पॅचुली हात सोडून ओतलेली. आपल्या आज्यांच्या पेटीतल्या शालींना जो वास यायचा, त्यात पॅचुलीच्या पानांचा मोठा वाटा असे. काश्मिरी शाली कसरीपासून वाचाव्यात म्हणून त्यांच्या घड्यांत ही पानं घालून पाठवत.

लिटरभर कोलोन

आतापर्यंत वाचून वाटेल, की स्पेनमध्ये घरोघरी काळ्या-लाल खोक्यांची रास असेल. रोजच्या जगण्यातला स्पॅनिश वास वेगळाच आहे. त्याला ‘कोलोनिया’ म्हणतात. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली फारिना या अत्तरवाल्यांनी धंदा थाटला, तिथल्या लिंबू-संत्र्याच्या सुगंधी पाण्यावरून आलेला शब्द. स्पॅनिश माणूस तो दोन थेंब लावत नाही, ओततो. आंघोळीनंतर बाळाच्या केसांवर, मग कंगवा फिरवून चापूनचोपून भांग. मद्रीदच्या आल्बारेस गोमेस या १८९९च्या दुकानाने १९१२ साली काढलेलं कोलोन आजही विकलं जातं: लिंबू, लॅव्हेंडर, रोजमेरी, ओव्याच्या जातीचं थाइम, निलगिरी. देवघरापेक्षा न्हाणीघराचा वास.

१९३६ ते ३९चं यादवी युद्ध आणि त्यानंतरची टंचाईची वर्षं आली, तेव्हा साटिनच्या खळग्यांना कोण विचारतो. मद्रीदमधलं मोंक्लोआ, जिथे गालचा कारखाना होता, तो भागच लढाईच्या आघाडीवर होता. युद्धानंतर कोलोन सुटं मिळे. दुकानात मोठ्या काचेच्या बरण्या, आपण रिकामी बाटली न्यायची, दुकानदार मापाने भरून देणार. किराणा दुकानात गोडेतेल आणायला बाटली घेऊन गेलेल्या पिढीला हे वेगळं समजवायला नको. नक्षीदार बाटली आता भेटीत येई, मग वर्षानुवर्षं तीच भरून आणली जाई. लेबल घासून पांढरं पडलेल्या जुन्या बाटल्या मिळतात त्या अशा.

यातूनच दुसरी घडण वर आली. बार्सिलोनाची ‘पुच’ ही १९१४ची कंपनी. रोमन अक्षरांवरून तुम्ही ‘पुइग’ वाचाल, पण कॅटलानमध्ये पुचच. १९२२ साली स्पेनमध्ये बनलेली पहिली लिपस्टिक तिची. १९६८ साली तिने ‘आग्वा ब्राबा’ काढलं आणि बाटली सोपवली आंद्रे रिकार्ड या औद्योगिक डिझायनरकडे. नर्तकी नाही, पंखा नाही, गोंडा नाही. हातात नीट बसेल, घसरणार नाही, यंत्रावर लाखोंनी काढता येईल अशी बाटली. बार्सिलोनाच्या १९९२च्या ऑलिंपिकची मशालही याच रिकार्डची. आणि २००० साली मिरूर्हिया पुचच्याच पदरात पडली.

जुनी बाटली हाती आली तर

हा छंद लागलेले लोक बाटलीचं वय असं काढतात. आधी बुडाकडून मानेकडे जाणारी साच्याची रेघ पाहायची. रेघ ओठांपर्यंत न जाता खालीच विरत असेल तर ओठ हाताने घडवलेला, म्हणजे बाटली जुनी असण्याची शक्यता. ओठांवरूनही आरपार गेलेली असेल तर यंत्र. लेबलावर राजघराण्याचे पुरवठादार असल्याची मिरवणूक असेल तर कान टवकारायचे, कारण स्पेनचा राजा एप्रिल १९३१मध्ये देश सोडून गेला. खोक्यावर ८४ने सुरू होणाऱ्या आकड्यांचे रेघोट्यांचे पट्टे असतील तर फार भाव देऊ नका. बारकोड आला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीनंतर.

वास घ्यायचाच असेल तर पहिल्या झुळकीवर निकाल देऊ नका. लिंबू-संत्र्याची द्रव्यं हवेने बिघडतात आणि वर्षानुवर्षांनी टर्पेंटाइनसारखी उग्र होतात. बूच काढताक्षणी रंगकाम चाललेल्या घरात आल्यासारखं वाटेल. अर्धा तास थांबा. लाकूड, डिंक, पॅचुली, कस्तुरी मागे शाबूत असतात. आजच्या ‘माहा’शी ती ताडून पाहिलीत तर फरक कळेल, आणि तो तुमच्या नाकाचा दोष नाही. ओकच्या झाडावरचं शेवाळ, काही जुन्या कृत्रिम कस्तुऱ्या अशा बऱ्याच द्रव्यांवर त्वचेच्या अ‍ॅलर्जीमुळे किंवा अन्य धोक्यांमुळे पुढे मर्यादा किंवा बंदी आली. जुनी कृती अक्षरशः बनवणं आज कायद्यातच बसत नाही.

बहुतेक वेळा मात्र हुंगायला काही उरलेलंच नसतं. कातड्याचा पापुद्रा तडकलेला, दोरा सैल झालेला, बुडाशी मधासारखा तपकिरी थर. ‘मादेरास दे ओरिएन्ते’च्या बाटलीत तेवढी ती काडी असते, कोरड्या काचेला एका बाजूने चिकटून बसलेली, आणि बाटली हलवली की कधी कधी सुटून खुळखुळ वाजते.